कृष्णाबाईंची खानावळ : खर्डा पहिला

मयूर विहार, दिल्ली
६ ऑक्टोबर २०२४

ती. इंदुवन्सं यांस,
अरुणाचा शि. सा. न. वि. वि.

फोन न करता पत्र लिहिते आहे. तुम्हाला फोनवर नीट ऐकू येत नाही, म्हणून तुम्ही तो स्पीकरवर टाकता, आणि मग मी तुमच्या भावाबद्दल जे बोलते ते तुमचा विश्वास आणि सूनबाई रुचिता दोघंही ऐकतात. भाच्यासमोर मामाची अब्रू जाऊ नये एवढी माणुसकी माझ्यात अजून आहे. किती दिवस राहील ते सांगता येत नाही.

दिवाळीची साफसफाई काढली आहे. पंखे, जाळ्या, माळा यांचं मला काही वाटत नाही. मला कागदांनी जेरीस आणलं आहे. यांच्या ‘सरोजिनी नगरचे दिवस’ या पुस्तकाचे आठ खर्डे दिवाणात, बाल्कनीतल्या कपाटात आणि देवघराखालच्या खणात कोंबलेले आहेत. नववा टेबलावर आहे. निवृत्त झाल्यापासून हेच चालू आहे. पुस्तक आहे तुमच्या माहेरचं आणि आसपासच्या चार मराठी घरांचं. एवढ्या वेळात माणूस दिल्लीचा सगळा इतिहास लिहून मोकळा झाला असता.

उशीर का, तेही ऐका. मंत्रालयात जन्म ड्राफ्ट फिरवण्यात गेला, ती सवय जात नाही. खर्डा छापून झाला की हे प्रती काढतात. ज्याचं नाव पुस्तकात आलं आहे त्या प्रत्येकाला एक पाठवतात, वर ‘अभिप्रायार्थ’ असं लिहून. मग वाट पाहत बसतात. कुणी हरकत घेतली की ती ओळ काढून टाकतात. हरकत शहाणपणाची आहे की मूर्खपणाची, हे बघायचंच नाही. लक्ष्मीबाई नगरच्या कौस्तुभभावजींनी वडिलांची बदली कशामुळे झाली ते काढायला लावलं. भक्तीच्या मुलीने आईचं वय काढायला लावलं. पहिला खर्डा उशीएवढा जाड होता. नववा पोळीएवढा आहे.

संगणकावर जुनं काही उरत नाही, कारण दर वेळी त्याच फाइलमध्ये खोडाखोड. त्यामुळे कागद टाकायचे नाहीत, ते रेकॉर्ड. कबाडीवाल्याला दिले तर आपल्या घरातल्या गोष्टींच्या पुड्या बांधून कुणीतरी शेंगदाणे विकेल अशी यांना भीती आहे. शेवटी मी भांडून घरच्या वापराची परवानगी मिळवली. ती यांनी लेखी दिली, खाली तारखेसकट. हसू नका.

तेव्हापासून पाचवा खर्डा स्वयंपाकघरातल्या फळ्यांवर अंथरला आहे, कोरी बाजू वर. सहाव्याच्या ओल्या कचऱ्यासाठी पिशव्या केल्या, कारण आमच्या सोसायटीने प्लास्टिक बंद केलं आहे. आठव्यावर मेथी वाळते आहे. हे पत्र सातव्याच्या पाठीवर आहे. मागची बाजू वाचू नका, वाचण्यासारखं तिथे काही उरलेलं नाही.

तुम्ही पूर्वी कागदाच्या लगद्याच्या टोपल्या करत होता. कृती कळवा. इथल्या मराठी मंडळाने गुढीपाडव्याला पुस्तक काढायचं ठरवलं आहे आणि जानेवारीत मजकूर हातात हवा म्हणून निक्षून सांगितलं आहे. त्याआधी मला हे घर मोकळं करायचं आहे.

राग तुमच्या भावावरचा आहे, त्यातले चार शिंतोडे तुमच्यावर उडाले असतील. ते पुसून टाकावे आणि माया आहे तशीच ठेवावी.

आपली
अरुणा

&nbsp;

सांगली
१५ ऑक्टोबर २०२४

चि. सौ. अरुणा हिस,
इंदुमतीचे अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र पोचलं. माझ्या भावाला एवढं बोलून घेतल्यावर तुझा पारा खाली उतरला असेल अशी आशा आहे. तो लहानपणापासून असाच. पतंग उडवायच्या आधी सगळ्या गच्चीला विचारून यायचा, कुणाची हरकत नाही ना म्हणून. तोवर वारा पडायचा. पण असा नवरा तुला मिळाला म्हणून तू इतकी वर्षं हवं तसं बोलू शकलीस, हेही लक्षात ठेव. दुसऱ्या कुणी ऐकून घेतलं नसतं.

टोपलीचं सांगते. कागदाचे बारीक तुकडे करून दोन दिवस पाण्यात भिजत घाल. पाणी बदलत राहा, नाहीतर वास मारतो. मूठभर मेथ्या वेगळ्या भिजव. मग दोन्ही एकत्र वाट. पाट्यावर वाटायला तुला सवड नसेल, मिक्सर चालेल, पण थोडं थोडं घाल, जळेल. एखादं पातेलं उपडं घालून त्याला तेलाचा हात लाव आणि लगदा सगळीकडे सारखा थाप. सावलीत वाळव, उन्हात तडे जातात. वाळलं की आपोआप सुटतं. मेथ्यांमुळे घट्टही होतं आणि कसर लागत नाही. सगळ्यात जुना कागद घे, तो लवकर मऊ पडतो.

नववा खर्डा मला मिळाला. वाचला. फार स्वच्छ झाला आहे. नानांच्या नोकरीच्या तारखा, बढत्या, गणेशोत्सवाची समिती, सगळं व्यवस्थित आहे. माझी काही हरकत नाही असं श्यामला कळव. छापायला द्यायला आता अडचण नसावी.

विश्वासची धाकटी तनया यंदा बारावीला आहे. तिच्या अभ्यासापुढे घरात कुणी मोठ्याने बोलत नाही. मला बरंच आहे, तसंही ऐकू येत नाही.

फराळाचं फार करू नकोस, दोघांना किती लागतं. रागाला आवर आणि तब्येतीला जप, म्हणजे मला दोन्हीकडची काळजी उरणार नाही.

तुझी
इंदुवन्सं

&nbsp;

मयूर विहार, दिल्ली
१० नोव्हेंबर २०२४

ती. इंदुवन्सं यांस,
अरुणाचा शि. सा. न. वि. वि.

बाहेर धूर इतका आहे की समोरचा ब्लॉक दिसत नाही. चौथ्या खर्ड्याच्या पट्ट्या कापून खिडक्यांच्या फटींत खळीने चिकटवल्या. हे खोकत बसले आहेत आणि मी त्यांच्याशी बोलत नाही. तुमच्याशीही बोलावं की नाही याचा दोन दिवस विचार केला. आता लिहिते.

तुमच्या सांगण्याप्रमाणे सगळ्यात जुना कागद घेतला. म्हणजे पहिला खर्डा. दिवाणाच्या तळाशी होता, उशीएवढा, पानं सुटी आणि मागेपुढे झालेली. तो मी कधी वाचलेला नाही. तेव्हा माझी शाळा चालू होती, भूगोलाचे पेपर तपासायचे असायचे आणि नवऱ्याचं लिखाण तपासायची मला हौस नव्हती. खुर्चीवर बसून फाडत होते आणि बादलीत टाकत होते. बराच गठ्ठा भिजत पडल्यावर एका पानावर ‘कृष्णाबाईंची खानावळ’ असा मथळा दिसला.

वन्सं, मी या घरात लग्न होऊन आले तेव्हा सासूबाई थकल्या होत्या. खानावळीबद्दल मला कुणी एक शब्द सांगितला नाही. त्यांनीही नाही. सरोजिनी नगरच्या दोन खोल्यांच्या सरकारी क्वार्टरमध्ये त्या रोज मराठी कारकुनांची पंगत बसवत आणि रविवारी छावणीतले जवान जेवायला येत, हे मला फाडायला घेतलेल्या पानावर कळलं. मामंजींचा पगार गावाकडे जायचा आणि तुमचं दोघांचं शिक्षण त्या शेगडीवर झालं, हेही तिथेच कळलं.

मी जमिनीवर बसले आणि वाचलं. सरकारी क्वार्टरमध्ये धंदा करायला बंदी, सापडलं तर क्वार्टर जाणार. म्हणून तपासणीचा माणूस गल्लीत दिसला की ताटं पलंगाखाली जात आणि जेवणारे सगळे उठून टाळ्या वाजवत आरती म्हणू लागत. दोन घास तोंडात असलेले जवान, भरदुपारी, सुखकर्ता. त्या माणसाने प्रसाद खाल्ला आणि सांगून गेला की या घरात जितके सत्यनारायण होतात तितके त्याने अख्ख्या दिल्लीत पाहिले नाहीत. मला हसू आवरेना. पान उलटलं तर पुढचं पान नव्हतं. ते बादलीत होतं. त्याच्या पुढची चारही. हात घालून काढलं, पण पाणी आणि लगदा, दुसरं काही हाताला लागलं नाही.

मी यांना उठवून विचारलं की हे प्रकरण गेलं कुठे. हे म्हणाले, दुसऱ्या खर्ड्याच्या वेळी ताईची हरकत आली. काय हरकत, तर आईचा असा उल्लेख नको. बास. एका ओळीच्या पत्रावर यांनी सगळं प्रकरण काढलं. नवव्या खर्ड्यात सासूबाईंबद्दल काय आहे माहीत आहे ना. ‘मातोश्री कृष्णाबाई गृहकृत्यदक्ष होत्या.’ तुम्ही त्याला स्वच्छ म्हणता. पंधरा-वीस माणसांना रोज रांधून घालणाऱ्या बाईला तुम्ही दोघा भावंडांनी मिळून एका शब्दात उरकलं.

मग मला तुमचं ते वाक्य आठवलं, सगळ्यात जुना कागद घे. तुम्ही ते टोपलीसाठी लिहिलं की आणखी कशासाठी, हे मी तुम्हाला सरळ विचारते.

यांचं म्हणणं आहे की हरकत कायम असताना मजकूर पुन्हा घालता येत नाही. घरात ऑफिस चालवलं आहे. तेव्हा मला तुमच्याकडून एकच हवं आहे. हरकत मागे घ्या, लेखी. गेलेली पानं मी यांच्या मागे लागून पुन्हा लिहून घेईन. जानेवारी उजाडायला वेळ लागत नाही.

या पत्राचा राग येईलच. आला तरी उत्तर मात्र द्यावं, एवढा हक्क मी अजून धरून आहे.

आपली
अरुणा

&nbsp;

सांगली
१९ नोव्हेंबर २०२४

चि. सौ. अरुणा हिस,
इंदुमतीचे आशीर्वाद.

आधी तुझ्या प्रश्नाचं उत्तर. जुना कागद लवकर भिजतो म्हणून लिहिलं. माझ्या पोटात काही नव्हतं. पण ती पानं बादलीत गेली हे वाचून मला वाईट वाटलं नाही. तू सरळ विचारलंस, मीही सरळ सांगते.

हरकत मी मागे घेणार नाही.

तू हसलीस. कागदावर वाचून कुणालाही हसू येईल. आता जे त्या कागदावर नव्हतं ते ऐक, कारण श्यामला ते ठाऊक नाही आणि मी आजवर कुणाला बोलले नाही.

माझं लग्न ठरलं तेव्हा इथे सांगितलं होतं की वडील दिल्लीला केंद्र सरकारात आहेत. ते खरंच होतं. खानावळीचं कुणी विचारलं नाही, आम्ही सांगितलं नाही. लग्न सांगलीत झालं. अक्षता पडल्या, पानं मांडली जात होती, आणि एक जवान मांडवात आला. तासगावकडचा. रजेवर होता. लग्नाचं कुणाकडून तरी ऐकून सायकलवर आला होता. त्याला आमंत्रणही नव्हतं. तो सरळ माझ्यासमोर आला, वाकून पायाला हात लावला आणि सगळ्या मांडवाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला की या ताईंनी आणि त्यांच्या आईंनी आम्हा पोरांना दिल्लीत जगवलं, यांच्या खानावळीत जेवून मी घर विसरलो. त्याचे डोळे भरले होते. त्याने माझं कल्याण व्हावं म्हणूनच ते म्हटलं.

त्या दिवसापासून मी या घरात खानावळवालीची मुलगी झाले. माझ्या सासूबाई वाईट नव्हत्या, पण आत्याबाई, म्हणजे यांच्या वडिलांच्या बहीण, घरात त्यांचं चालायचं. बारसं असो, मुंज असो, आत्याबाई म्हणणार की हिला वाढू द्या, हिचा हात बसलेला आहे. माझ्या डोहाळजेवणाला ओटी भरून झाल्यावर मला पाटावरून उठवलं आणि पंगत वाढायला लावली. सातवा महिना. बायका हसल्या. मी वाढलं. काय करणार होते.

आई एकदाच इथे आली, विश्वासच्या बारशाला. तिला कळलं. दुसऱ्या दिवशीची गाडी धरून गेली. नंतर तिने खानावळ बंद केली. श्यामला वाटतं की त्याला नोकरी लागली म्हणून केली.

आता तू ते छापणार, मंडळाचे लोक वाचणार, टाळ्या वाजवणार, किती कष्टाळू बाई म्हणणार. आणि इथे सांगलीत माझ्या नातसुना येतील त्या वाचतील आणि पुन्हा एकदा माझ्याकडे बघतील. तुला राग आला म्हणून मी माझं म्हातारपण कुणाच्या तोंडी देऊ का.

या विषयावर पुन्हा लिहू नकोस. बाकी काहीही लिही, खुशाली कळवत राहा. माझा जीव तुमच्यात आहे, हे मला दर वेळी सांगायला लावू नकोस.

तुझी
इंदुवन्सं

&nbsp;

मयूर विहार, दिल्ली
२८ नोव्हेंबर २०२४

ती. इंदुवन्सं यांस,
अरुणाचा शि. सा. न. वि. वि.

तुम्ही लिहू नको म्हणालात. लिहिते आहे.

तुमचं पत्र मी तीनदा वाचलं. यांना वाचायला दिलं. हे वाचून बाल्कनीत जाऊन उभे राहिले, त्या धुरात. आत या म्हटलं तर आले नाहीत. ताईने मला कधीच का नाही सांगितलं एवढंच म्हणाले. आईने खानावळ माझ्या नोकरीमुळे बंद केली असं मी बत्तीस जणांना लिहून पाठवलं, असंही म्हणाले. यांना त्यातही प्रतींची संख्या आठवली.

तुमच्यावर माझा राग होता तो आता तेवढा नाही. पण राग गेलेला नाही, तो नुसता जागा बदलून बसला आहे. कारण तुमचं पत्र वाचल्यावर मी उठून नववा खर्डा काढला आणि तुमच्या सासरबद्दल काय लिहिलं आहे ते पाहिलं. ‘कन्या इंदुमती हिचा विवाह सांगलीच्या प्रतिष्ठित घराण्यात झाला.’ खाली आत्याबाईंचं नाव आहे, त्यांनी बांधलेल्या धर्मशाळेसकट. पूर्ण परिच्छेद. पहिल्या खर्ड्यापासून नवव्यापर्यंत त्यातला एक शब्द हललेला नाही, कारण त्यावर कुणाची हरकत नव्हती. तुमचीही नव्हती.

म्हणजे ज्या बाईने सातव्या महिन्यात तुम्हाला पाटावरून उठवलं ती पुस्तकात राहिली आणि जिने रांधलं ती गेली. हे तुम्ही दोघांनी केलं आहे. आत्याबाईंना मेल्यावरही तुमच्याकडून वाढून मिळतं आहे. मी हे कठोर लिहिते आहे याची मला जाणीव आहे. मी शाळेतही असंच बोलत होते आणि मुली माझ्यावर चिडत होत्या.

म्हातारपण कुणाच्या तोंडी देऊ नका. ते बरोबर आहे. पण वन्सं, ते आज कुणाच्या तोंडी नाही असं तुम्हाला वाटतं का. तुम्ही आयुष्यभर त्या आत्याबाईंच्याच मताने आईकडे पाहता आहात.

सासूबाई शेवटची वर्षं इथेच होत्या. गॅस लावायला मी परवानगी देत नसे, पण रविवारी त्या परातीत पीठ मळून ठेवत. ढीगभर. कुणी जेवायला यायचं आहे का विचारलं तर नाही म्हणत. मी तेव्हा ओरडत होते, एवढं पीठ कोण खाणार म्हणून. माझ्याजवळ त्या काही बोलल्या नाहीत, कारण घरात ते बोलायचं नाही असं तुम्ही ठरवलं होतं.

वाचलेली पानं वाळवून, इस्त्री करून सोबत पाठवते आहे. हरकत मागे घ्या असं आता म्हणणार नाही. एकदा वाचा, आणि मग यांना जे कळवायचं ते कळवा. पुन्हा नाही म्हणालात तर मी पानं परत मागणार नाही, त्यांची टोपली करा.

तोडून बोलले तरी तुटायचं नाही, असं आपलं आजवर चालत आलं आहे. तसंच चालावं.

आपली
अरुणा

&nbsp;

सांगली
१२ डिसेंबर २०२४

चि. सौ. अरुणा हिस,
इंदुमतीचे आशीर्वाद.

पानं मिळाली. आठ दिवस उघडली नाहीत. मग उघडली, आणि मला भयंकर राग आला. तुझा नाही. श्यामचा. त्याने सगळं चुकीचं लिहिलं आहे.

आमटीत गूळ घालायचे असं लिहितो. गूळ फक्त रविवारी, जवानांसाठी, कारण त्यांना छावणीत गोड मिळत नसे. कारकुनांच्या आमटीत आमसूल. आणि पंगत आई वाढत नव्हती. आई शेगडीपुढून उठली तर भाकरी करपली असती. वाढायची मी. शाळेतून आले की दप्तर टाकायचं आणि वाढायला घ्यायचं. कोण कुस्करून खातो, कुणाला भाकरीची कड लागते, कोण लाजून तिसरी भाकरी मागत नाही, हे मला पाठ होतं. आई मागे न बघता विचारायची की तो कोपऱ्यातला अजून खातो आहे का. मी हो म्हटलं की आणखी एक थापायची. कुणी उपाशी उठलेलं तिला खपत नसे. तिने कधी कुणाला किती खाल्लंस असं विचारलं नाही.

तपासणीच्या माणसाचंही चुकलं आहे. श्याम लिहितो की शेजाऱ्यांकडून सूचना मिळे. कुठले शेजारी. दारात तोच बसायचा, पाढे पाठ करत. माणूस गल्लीत वळला की पाढा मोठ्याने म्हणायचा, आणि आत आरती सुरू व्हायची. सहा वर्षांचा होता. एकदा भलताच माणूस पाहून ओरडला आणि दोन जवान विनाकारण आरती म्हणत बसले, भाकरी गार झाली. स्वतःला त्याने का वगळलं ते त्याला विचार.

भिजून गेलेल्या पानांत काय होतं ते मी सोबत लिहिलं आहे. सात पाठपोट कागद झाले. हात दुखतो आहे. रुचिताने विचारलं की एवढं काय लिहिता, मी म्हटलं पाककृती.

आता माझी अट. आईची खानावळ घालायची असेल तर माझं लग्नही घाला. तो जवान, त्याची सायकल, तो काय म्हणाला, सगळं. त्याला नाव नाही, मला ते ठाऊक नाही, पण तो भला माणूस होता, तसंच लिही. आत्याबाईंचं डोहाळजेवणातलं वाक्यही घाल. त्यांची धर्मशाळा राहू दे, ती त्यांनी बांधली होती. पण वाक्य शेजारी हवं. यातलं एक जरी गाळलंत तर माझी हरकत पुन्हा उभी आहे असं समजा. नुसती कष्टाळू आई छापून टाळ्या घ्यायच्या असतील तर मला नको.

आणि श्यामला सांग, मला अभिप्रायार्थ पाठवू नकोस. वाचलं तर मी रात्री उठून पुन्हा खोडायला सांगेन. विश्वासलाही पाठवू नका. त्याचा जीव त्या घरच्या नावात आहे.

आता थकले. तू दिल्लीच्या थंडीत कान बांधत जा. बोलायचं ते बोलून झालं आहे, ममता मात्र माझ्याकडे अजून शिल्लक आहे.

तुझी
इंदुवन्सं

&nbsp;

मयूर विहार, दिल्ली
१७ जानेवारी २०२५

ती. इंदुवन्सं यांस,
अरुणाचा शि. सा. न. वि. वि.

विश्वास तुमच्याशी अबोला धरून असेल तर त्याचं कारण तुम्हाला माझ्याकडून कळावं. तुमच्या भावाने त्याला प्रत पाठवली.

तुमचे सात कागद मी टाइप केले, यांनी बसून प्रकरण नव्याने लिहिलं. गूळ, आमसूल, कोपऱ्यातला माणूस, सायकलवाला जवान, सगळं तुम्ही लिहिलं तसंच. पाढ्याचं लिहिताना यांनी पेन खाली ठेवलं. मग म्हणाले की आपण दारात बसत होतो हे आपल्याला आठवत होतं, पण लबाडीत सामील होतो हे सरकारी नोकरीत कुणाला सांगायचं, म्हणून कधी लिहिलं नाही. पेन्शन लागून तप उलटलं तरी यांना अजून कुणीतरी क्वार्टरमधून काढेल अशी भीती वाटते.

मी बजावलं होतं की सांगलीला प्रत जाता कामा नये. मी मंगळवारी डोळ्यांच्या डॉक्टरकडे गेले तेवढ्यात यांनी विश्वासला पाठवून दिली. त्याच्या घराण्याचा उल्लेख आहे, त्याला न विचारता छापणं नियमात बसत नाही, असं यांचं म्हणणं. मी जे बोलले ते पत्रात लिहिण्यासारखं नाही. शेजारच्या बाईंनी दुसऱ्या दिवशी सब ठीक है ना म्हणून विचारलं.

विश्वासचा फोन रविवारी आला. तो बराच वेळ बोलत होता. आत्याआजींना गावात अजून लोक मानतात, मामा. रुचिताच्या माहेरचे वाचतील. आईचं वय झालं आहे, तिच्या मनात काहीही येतं. ते वाक्य तेवढं काढा, बाकी ठेवा. शेवटी म्हणाला की लेखी हवं असेल तर लेखी देतो, आणि संध्याकाळपर्यंत ईमेलने दिलंसुद्धा. एक पान, मुद्दे घालून. यांचाच भाचा, यांच्यावर गेला आहे.

हे त्याचं पान घेऊन टेबलाशी बसले. शेजारी प्रकरणाची छापील प्रत, हातात पेन, टोपण काढलेलं. वन्सं, मी इतक्या वर्षांत हे दृश्य पुष्कळदा पाहिलं आहे आणि पुढे काय होतं ते मला माहीत आहे. मी स्वयंपाकघरात निघून गेले. मला ते बघायचं नव्हतं. सकाळी मंडळाचा माणूस मजकूर न्यायला येणार होता आणि मी मनाशी ठरवलं होतं की यांनी वाक्य खोडलं तर मी त्या माणसाला दारातूनच परत पाठवीन. पुस्तकच नको.

जेवायला हाक मारली तर आले नाहीत. म्हणून बाहेर आले. प्रकरणावर एक रेघ नव्हती. विश्वासच्या पानाच्या समासात यांनी त्यांच्या ऑफिसच्या अक्षरात लिहिलं होतं, ‘हरकत पाहिली. मजकूर कायम.’ खाली सही, तारीख.

आमटी गार झाली म्हटलं. हे ती सही बघत बसले होते. म्हणाले, एवढ्या नोकरीत असं कधी लिहिलं नाही. ते लिहायचा अधिकार आपल्या वरच्यांना असायचा.

मजकूर सकाळी गेला. विश्वासला त्याच्या पानाची झेरॉक्स गेली आहे, तो चिडेल. चिडला तर त्याला माझा नंबर द्या, तुम्ही त्याच्याशी वाद घालू नका, तुम्हाला ऐकू येत नाही आणि मला येतं. यांनी नव्या खर्ड्याची प्रत पुन्हा एकाच बाजूला छापली आहे, कोऱ्या बाजूचा गठ्ठा माझ्यासमोर पडला आहे, आणि त्याबद्दल मी आज रात्री बोलणार आहे.

पाडव्याला तुम्ही दिल्लीला यायचं आहे. विचारत नाही, कळवते आहे. लोभाचं वेगळं काय लिहू, तिकीट काढलं आहे.

आपली
अरुणा